रिकाम्या बाकाचं काय करायचं?

दहावीतला एक मुलगा रविवारी संध्याकाळी रस्त्यावरच्या अपघातात गेला, आणि सोमवारी सकाळी शाळा भरणार होती. त्या मधल्या काही तासांत आणि पुढे वर्ष संपेपर्यंत शाळेची समुपदेशक म्हणून मी काय काय केलं, ते इथे लिहिते आहे. कुणाची ओळख पटेल असे तपशील बदललेत. "तुम्ही मुलांशी नेमकं बोललात तरी काय?" असं लोक मला अजूनही विचारतात आणि माझं उत्तर ऐकून त्यांचा जरा हिरमोडच होतो. कारण बोलणं त्यात थोडंच होतं. कोणी कुठे बसायचं, कोणत्या वर्गात कोणी काय सांगायचं, हजेरीचं काय करायचं, चाचणी घ्यायची की नाही, असल्या बारीकसारीक गोष्टींची व्यवस्था लावण्यातच माझा बहुतेक वेळ गेला. मुलांना धीर आला तो बराचसा त्यामुळेच, असं माझं मत आहे.

बातमी मला मुख्याध्यापिकांच्या फोनवरून कळली. मुलांना ती कितीतरी आधी कळलेली होती. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एव्हाना तीन-चार कहाण्या फिरत होत्या: तो स्वतः गाडी चालवत होता, तो मागे बसला होता, आणखी एक मुलगा अत्यवस्थ आहे, वगैरे. अशा वेळी आधी खरं काय ते कळायला हवं. वर्गशिक्षकांचं त्या घरी जाणंयेणं होतं, म्हणून मुलाच्या काकांना फोन त्यांनीच केला. दोनच गोष्टी विचारायच्या असं आमचं ठरलं होतं: काय झालं, आणि त्यातलं मुलांना काय सांगितलेलं घरच्यांना चालेल. काका म्हणाले, तो सायकलवरून मित्राकडे चालला होता, मागून गाडीची धडक बसली, दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. सोबत कोणी नव्हतं. एवढं सांगा, बाकी काही नको.

त्या रात्री मी पाच ओळींचा मजकूर लिहिला. काय झालं, कधी झालं, आणखी कुणालाही इजा झालेली नाही, आज शाळेत काय होणार आहे, आणि कुणाला बोलावंसं किंवा नुसतं बसावंसं वाटलं तर कुठे यायचं. त्यात उपमा नव्हत्या, उपदेश नव्हता, 'तो आपल्यातच आहे' वगैरे काही नव्हतं. लिहून झालं आणि एकदम डोक्यात आलं: एसएमएस! आमच्याकडे मूल गैरहजर असलं की पहिल्या तासानंतर पालकांच्या मोबाइलवर आपोआप संदेश जातो, 'आपला पाल्य आज शाळेत अनुपस्थित आहे' असा. तो त्या आईच्या फोनवर गेला असता. ऑफिसमधल्या क्लार्कना रात्रीच उठवून ते नाव यंत्रणेतून काढायला लावलं. फीची आठवण, पालकसभेचं बोलावणं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, हे सगळं तिथूनच जातं, हे मग त्यांनीच लक्षात आणून दिलं. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. क्लार्क मात्र त्या एका वाक्यावर सगळं समजले आणि पुढे आठवडाभर मुलाच्या नावाचा प्रत्येक कागद आधी माझ्याकडे आला.

सोमवारी सकाळी पहिला वाद प्रार्थनेवरून झाला. मुख्याध्यापिकांना वाटत होतं की मैदानावर सगळ्यांना एकदम सांगावं, दोन मिनिटं शांतता पाळावी आणि वर्ग सुरू करावेत. शाळांमध्ये होतं तसंच हे. माझं म्हणणं वेगळं होतं. शेकडो मुलं रांगेत उभी असताना कोणाचे पाय लटपटताहेत, कोण दगडासारखं उभं आहे, हे कुणालाच दिसत नाही, आणि पाचवीतल्या मुलांना तर तो मुलगा माहीतही नव्हता. पहिल्या तासाला, एकाच वेळी, प्रत्येक वर्गात त्या वर्गाच्या शिक्षकांनी तोच मजकूर वाचायचा, असं शेवटी ठरलं. कुणाला वाचून दाखवणं जमणार नसेल तर त्यांनी आधी सांगावं. गणिताचे सर म्हणाले, "मला नाही जमणार." तो मुलगा त्यांचा लाडका होता. त्यांच्या वर्गात दुसऱ्या मॅडम गेल्या आणि सर ऑफ तास घेऊन स्टाफरूममध्ये बसले. यात लाज वाटावी असं काही नाही, हे सकाळच्या बैठकीत मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, ते फार बरं झालं.

दहावीच्या वर्गात वर्गशिक्षकांसोबत मी होते. मुलांना सगळं माहीत होतं, तरी सर वाचत असताना वर्ग असा ऐकत होता जणू आता तरी वेगळं काही निघेल. तिसऱ्या ओळीला सरांचा आवाज गेला. ते थांबले, पाणी प्यायले, पुढे वाचलं. कोणी काही बोलेना. मग मागून एक मुलगा म्हणाला, "सर, आजची चाचणी आहे का?" सगळा वर्ग त्याच्यावर उसळला. एक मुलगी तर "लाज नाही वाटत?" म्हणून ओरडलीच. मी म्हटलं, त्याचा प्रश्न बरोबर आहे, आणि इथे अजून पाच-दहा जणांच्या मनात तोच असणार. आज चाचणी नाही. पुढच्या सोमवारी होईल. आज तास होतील, पण नवीन काही शिकवणार नाहीत. मधली सुट्टी नेहमीच्या वेळी. घरी जायचं असेल तर पालक न्यायला आल्यावरच. हे ऐकताना काही खांदे खाली आलेले मला दिसले. पंधरा वर्षांच्या मुलाचा मित्र एका संध्याकाळी नाहीसा होतो, तेव्हा मधली सुट्टी किती वाजता आहे हे माहीत असणंही धरायला काहीतरी देतं.

मग बाक. तिसऱ्या रांगेतलं, खिडकीजवळचं. त्याचा शेजारी त्या दिवशी एकटाच बसला होता आणि दप्तर त्याने मांडीवर घेतलं होतं, बाकावर ठेवलं नव्हतं. सफाईवाल्या मावशींना वाटत होतं की बाक आजच्या आज हलवावं, पोरांना बघवणार नाही. काही शाळांत रातोरात असं बाक गायब करतात आणि मुलं ते कधी विसरत नाहीत. मी त्या शेजाऱ्यालाच विचारलं, "इथेच बसायचंय, की जागा बदलून देऊ?"

"इथेच."

"शेजारी कोणी?"

"आत्ता नको."

मग वर्गाशी बोलून ठरवलं की महिनाअखेरीपर्यंत बाक आहे तसंच राहील. फुलं, फोटो, चिठ्ठ्या त्यावर ठेवायच्या नाहीत, कारण त्या वर्गात रोज गणितही शिकायचं होतं. महिन्याच्या शेवटी सगळा वर्ग नव्याने जागा निवडेल आणि ते बाक इतर बाकांत मिसळून जाईल. तारीख आधीच ठरलेली असल्याने त्यावरून पुन्हा वाद झाला नाही. हजेरीही सरांनी महिनाभर नंबर न पुकारता नुसतं वर्गाकडे पाहून लावली.

दुपारपर्यंत माझ्या वहीत तीन वर्तुळं तयार झाली होती. ही आमच्या कामातली नेहमीची पद्धत. पहिल्या वर्तुळात प्रसंगाच्या जवळ असलेले, म्हणजे ज्यांनी पाहिलं किंवा शेवटचं बोलणं ज्यांच्याशी झालं ते. दुसऱ्यात नात्याने जवळचे: मित्र, संघातले खेळाडू, बहीण, चुलत भाऊ. ही दोन्ही सहज भरतात. तिसरं वर्तुळ सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. त्यात अशी मुलं असतात, ज्यांचा या मुलाशी फारसा संबंध नाही, पण ज्यांच्या घरी अलीकडे कोणी गेलंय, ज्यांच्या आईवडिलांचं बिनसलंय, किंवा जी आधीपासूनच माझ्याकडे येतात. आमच्याकडे त्या दिवशी पोटात दुखतं म्हणून सिकरूममध्ये आलेली पहिली मुलगी आठवीतली होती. गेलेल्या मुलाचं नावही तिला धड माहीत नव्हतं. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. पोटदुखीची गोळी द्यायच्या आधी सिस्टरनी मला बोलावलं, कारण ते नाव मी सकाळीच त्यांना देऊन ठेवलं होतं.

त्याच दुपारी शाळेच्या एका हितचिंतकांचा फोन आला. बाहेरून एक तज्ज्ञ बोलावू, सगळ्या दहावीला गोल बसवू, प्रत्येकाला काय वाटतं ते बोलायला लावू, म्हणजे मन मोकळं होईल, असा त्यांचा प्रस्ताव होता. हेतू चांगलाच होता. अशा गटसत्राची पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली, ती अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी. पुढे तिचा वापर सर्रास झाला. पण एकाच बैठकीत प्रसंग पुन्हा उगाळायला लावल्याने पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींना तो वाढू शकतो, असं वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात दिसलं. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही २००५ पासून असं सत्र सरसकट घेऊ नका असंच सांगितलंय. त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातली तीन कामं मी करत होते: बघा, ऐका, जोडून द्या. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकायचं, नाही बोलायचं त्याला खोदायचं नाही. मी त्यांना म्हटलं, तज्ज्ञ बोलवायचेच असतील तर शिक्षकांसाठी बोलवा. ते आले, शिक्षकांशी तासभर बोलले, आणि त्याचा उपयोग झाला.

माझी खोली आठवडाभर उघडी होती. येऊन बसायला परवानगी लागत नव्हती, पण वर्गातून निघताना शिक्षकांना सांगायचं आणि एका तासाने परत जायचं, एवढा नियम. टेबलावर कागद, रंग आणि मातीचा गोळा. सुरुवातीला मुली घोळक्याने आल्या, खूप रडल्या. त्यांतल्या काही त्याच्याशी आयुष्यात दोनदा बोलल्या असतील. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "नाटकं आहेत." मला तसं वाटत नाही. आपल्या वयाचं माणूस मरू शकतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्या स्वतःसाठी रडत असल्या तरी ते रडणं खरंच होतं. त्याचे जिवलग मित्र मात्र खोलीकडे फिरकलेच नाहीत. ते मैदानावर होते. मंगळवारच्या मधल्या सुट्टीत फुटबॉल खेळताना ते मोठमोठ्याने हसत होते, आणि त्यावर एका मॅडमनी त्यांना सुनावलं, "एवढ्यात विसरलात?"

त्या मॅडमशी मी मुद्दाम बसून बोलले. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोन संशोधकांनी १९९९ साली मांडलं की शोक करणारा माणूस सतत शोकात बसून राहत नाही. तो कधी गेलेल्या माणसाकडे वळतो, कधी रोजच्या जगण्याकडे, आणि हे येणंजाणंच त्याला तारतं. मोठ्यांमध्ये हा झोका सावकाश असतो. मुलांमध्ये तो इतका झटपट असतो, की बघणाऱ्याला ती कोडगी वाटतात. मॅडम जुन्या प्रशिक्षणातल्या. त्यांनी विचारलं, "पण मग ते पाच टप्पे? ही मुलं आता कोणत्या टप्प्यात आहेत?" हा प्रश्न मला प्रत्येक शाळेत कोणीतरी विचारतंच. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार हे टप्पे मांडले, ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. राग झाला, आता स्वीकार येईल, असं वेळापत्रक कुठलंही मूल पाळत नाही. मॅडमनी दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन त्या मुलांच्या खेळाला पंच म्हणून शिट्टी वाजवली. हे काही मी सुचवलं नव्हतं.

ज्याच्याकडे तो सायकलवरून निघाला होता, तो मित्र पहिल्या वर्तुळात सगळ्यात वर होता. पहिले काही दिवस तो शाळेत आला, वर्गात बसला, घरी गेला. मी खोलीत बोलावलं नाही. लायब्ररीत पुस्तकं लावायला मदत कर म्हटलं आणि शेजारी उभी राहून मीही लावत राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मीच फोन केला होता. ये म्हणून."

'तुझी काही चूक नाही' हे त्याला तोपर्यंत आईने, सरांनी, काकांनीसुद्धा सांगून झालं होतं. ते ऐकलं की मुलाला पुढे काही बोलताच येत नाही. मी विचारलं, "फोन केलास तेव्हा तुला काय काय माहीत होतं?"

"म्हणजे?"

"रस्ता, वेळ, पाऊस, गाडी. तेव्हा तुला यातलं काय माहीत होतं?"

तो विचार करून सांगत गेला. रोजचाच रस्ता. उजेड होता. आदल्या दिवशी तो स्वतः त्याच रस्त्याने त्याच्याकडे गेला होता. पुस्तकं हातात तशीच राहिली. शेवटी म्हणाला, "काहीच माहीत नव्हतं." आणि लगेच, "तरी पण." त्या 'तरी पण'ला मी उत्तर दिलं नाही. पुढच्या कित्येक भेटींत आम्ही त्याच्याशीच झुंजत होतो.

नंतर एकदा तो म्हणाला, "त्याच्या जागी मी असायला हवा होतो." असं वाक्य आलं की वळसे घालायचे नाहीत. मी सरळ विचारलं, "मरून जावंसं वाटतं का? स्वतःचा जीव घ्यावा असा विचार येतो का?" विचारलं की मुलाच्या डोक्यात नसलेलं भरवलं जातं, ही भीती शिक्षकांना असते, पालकांना तर असतेच. उपलब्ध अभ्यासांचा २०१४ मध्ये घेतलेला एक आढावा सांगतो की विचारल्याने असे विचार वाढत नाहीत. माझा अनुभव असा, की प्रश्न ऐकून मूल बहुतेक वेळा सुटल्यासारखं श्वास सोडतं. तो म्हणाला, "रात्री येतो. कधी कधी." कधी येतो, किती वेळ टिकतो, काही करायचं ठरवलंय का, हे सगळं विचारून घेतलं. ठरवलं काही नव्हतं. पण हे माझ्यापाशी ठेवायची गोष्ट नव्हती, आणि ते त्यालाही माहीत होतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत मी सांगते: तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याला असेल, किंवा तुला कोणी त्रास देत असेल, तर मी घरी किंवा योग्य त्या माणसांना सांगणार. बाकी सगळं या खोलीत राहील.

"आईला काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू. सांगायचं की नाही, हे नाही ठरवायचं," मी म्हटलं. तो चिडला. मग म्हणाला, फोनचं सांगू नका, तिला माहितीये, ती परत रडेल. ठीक. आई त्याच दुपारी आली आणि रात्रीच्या विचारांचं तिला त्याने स्वतःच सांगितलं, मी शेजारी होते.

आम्ही तिघांनी बसून एक कागद भरला. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या मानसशास्त्रज्ञांनी बनवलेल्या सुरक्षा आराखड्याचा तो नमुना, म्हणजे असे विचार आले तर काय करायचं ते आधीच लिहून ठेवायचं. मला तो आवडतो तो साधेपणामुळे. विचार येऊ लागल्याची खूण काय? त्याने लिहिलं, 'रात्री फोनमधले त्याचे मेसेज वाचत बसतो.' एकट्याला काय करता येईल? 'कुत्र्याला खाली नेणे.' कुणाजवळ, कुठे जाऊन बसता येईल? कुणाला मदत मागता येईल? तिथे तीन नावं लागतात, त्याला दोनच सुचली, तिसरं त्याने पंच झालेल्या मॅडमचं लिहिलं. मग डॉक्टर आणि हेल्पलाइनचा नंबर. आणि शेवटी, घरात धोक्याचं ठरेल असं जे काही असेल ते आईवडिलांनी हाताला लागणार नाही असं ठेवायचं. हा भाग आईशी वेगळा बोलले. कागदाचा फोटो त्याने फोनमध्ये घेतला.

वडिलांना समजवायला जास्त वेळ लागला. डॉक्टरकडे न्यायचं म्हटल्यावर ते म्हणाले, "दहावीचं वर्ष आहे, मॅडम. शिक्का बसेल." शाळेच्या कुठल्याच दाखल्यावर काही येणार नाही, हे मुख्याध्यापिकांनी लेखी द्यायची तयारी दाखवली, तेव्हा ते तयार झाले. उपचार मी करत नाही, हेही त्यांना नीट समजावून सांगावं लागलं. माझं काम मुलाला तिथवर नेणं, आणि डॉक्टर भेटत नाहीत त्या दिवसांत शाळेत त्याच्यावर लक्ष ठेवणं. दर आठवड्याला तो पाच मिनिटांसाठी यायचा. शून्य ते दहामध्ये आज कुठे आहेस, एवढंच मी विचारायचे. एकदा म्हणाला, "तीन." आपला पहिला आवेग 'चार कशाने होईल' असं विचारायचा असतो. मी विचारलं, "दोन का नाही?" तो गडबडला. मग म्हणाला, "दोनला मी कुत्र्याला नेत नाही. काल नेलं होतं."

गेलेल्या मुलाची बहीण नववीत होती. तिला शाळेत परत आणायच्या आधी मी घरी जाऊन भेटले. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "सगळे माझ्याकडे बघतील का?" मी हो म्हटलं. पहिला दिवस बघतील, मग कमी होईल. खोटं सांगून काही उपयोग नव्हता, गेटमधून आत येताच तिला कळलंच असतं. मग तिने एक यादी केली आणि ती मी तिच्या वर्गाला जशीच्या तशी वाचून दाखवली, तिच्याच सांगण्यावरून. कोणी मिठी मारायची नाही. कोणी 'स्ट्राँग रहा' म्हणायचं नाही. दादाबद्दल बोललेलं चालेल, पण अपघाताबद्दल नाही. डबा नेहमीच्याच मुलींसोबत खाणार. वर्गाबाहेर जावंसं वाटलं तर ती पेनाचं टोपण बाकावर उभं ठेवेल, शिक्षकांनी नुसती मान हलवायची. बाहेर पडून कुठे जायचं? मी माझी खोली सुचवली. "नको, तिथे रडतात. लायब्ररीत जाईन." वर्गातल्या मुलांना ही यादी ऐकून खूपच सोपं झालं. काय बोलायचं या धास्तीने ती मुलं तिला टाळायच्या बेतात होती.

मुलांना त्याच्यासाठी काही करायचं होतं. व्हरांड्यात कायमचा मोठा फोटो, त्याचा जर्सी नंबर बाद करणं, दरवर्षी त्याच्या नावाने दिवस. फोटोला मी नाही म्हटलं, आणि मुलं माझ्यावर बरीच रागावली. माझं कारण असं, की शाळेत होणाऱ्या प्रत्येक मृत्यूला एकच नियम हवा. आज अपघाताला फोटो लावला, तर उद्या एखाद्या मुलाने जीव दिला तेव्हा काय करणार? तिथे असं कौतुक झालं, की आधीच काठावर असलेल्या मुलांना तो मार्ग मोठा वाटू लागतो. आणि न लावावा, तर त्या घरावर अन्याय. हे सगळं मुलांना सांगितलं. पटलं अर्ध्यांना. शेवटी त्यांनी आईवडिलांना पत्रं लिहायचं ठरवलं. प्रत्येक पत्र आधी मी वाचलं आणि हे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. एका पत्रात अपघाताचं, कुणाकडून ऐकलेलं, अंगावर येणारं वर्णन होतं. त्या मुलाला बोलावलं, त्याने ते पान नव्याने लिहिलं. गठ्ठ्यातलं सर्वांत लहान पत्र होतं: 'काकू, त्याच्याकडे माझी कंपासपेटी आहे. ती राहू द्या.'

स्टाफरूममधली सहानुभूती सराव परीक्षेपर्यंत टिकली. गुण आले आणि "अजून किती दिवस?" सुरू झालं. काही मुलांची झोप गेली होती. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, तिथे ती चार-पाच तासांवर आली होती, आणि तशा डोक्याला पाठांतर कुठून जमणार. मी शिक्षकांना सांगितलं की मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचं निदान २०२२ मध्ये आलं, आणि मुलांच्या बाबतीत सहा महिने उलटल्याशिवाय ते लावतच नाहीत. म्हणजे शास्त्रसुद्धा सहा महिने थांबतं, आपण सराव परीक्षेपर्यंतच थांबणार का? हे जरा तिरकस झालं, पण त्यानंतर तीन शिक्षकांनी गृहपाठाच्या तारखा सैल केल्या. अभ्यास मुळीच नको, असं मात्र मी कधीच म्हटलं नाही. थोडा, ठरलेला, पूर्ण होणारा अभ्यास या मुलांना हवा होता.

अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना दर २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा असं म्हणते. माझ्याकडची मुलं त्याहून कितीतरी जास्त, आणि त्या काळात बाकीची मुलं काही आपापले प्रश्न गुंडाळून बसलेली नव्हती. सातवीत दादागिरीचं एक प्रकरण चालू होतं, एका मुलीने जेवण सोडलं होतं. एका ज्येष्ठ सहकारी बाईंशी मी दर आठवड्याला फोनवर बोलत होते. मी सांगायचे, त्या प्रश्न विचारायच्या, आणि बहुतेक वेळा तो प्रश्न असा असायचा: "हे काम तुझंच आहे, की तू दुसऱ्या कुणाचं करते आहेस?" त्यातून बरीच कामं वर्गशिक्षकांकडे, सिस्टरकडे, लायब्ररीतल्या सरांकडे गेली आणि ती त्यांनी माझ्याहून चांगली केली.

वर्ष संपताना दहावीची मुलं शाळा सोडून जातात, तेव्हा पुढच्या कॉलेजला काय कळवायचं हा प्रश्न येतो. माझ्या नोंदी माझ्याकडेच राहतात. मुलाची आणि पालकांची संमती असेल तरच अर्ध्या पानाचा सारांश जातो, आणि तो मी मुलाला आधी वाचायला देते. त्या मित्राने वाचून एक ओळ खोडली, 'अबोल' असं मी लिहिलं होतं ती. "मी अबोल नाहीये," म्हणाला. खरंच, तोपर्यंत नव्हता.

बहीण आता दहावीत जाईल. दहावीचा वर्ग दरवर्षी त्याच खोलीत भरतो. खोल्यांची वाटणी सुट्टीत होते, म्हणून मुख्याध्यापिकांशी आधीच बोलून ठेवलं. खोली बदलायची त्यांची तयारी आहे, फक्त प्रयोगशाळेशेजारची लहान खोली घ्यावी लागेल आणि तिथे फळा छोटा आहे. तिला विचारलं. तिने दोन्ही खोल्या बघून घेतल्या, मैत्रिणीला घेऊन पुन्हा एकदा बघून आली, आणि सुट्टी लागायच्या आत सांगते म्हणाली आहे.